झिजलेलं रोमन देनारियस: खोट कुणाच्या हातची ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या एका तरुणाने आयुष्यातलं पहिलं रोमन चांदीचं नाणं घेतलं: रोमन सेनापती मार्क अँटनीचं 'लीजनरी' देनारियस, ११० युरोला. छाप एका बाजूला सरकलेली, जहाज गुळगुळीत झालेलं, लीजनचा (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीचा) आकडा अर्धा कडेबाहेर, आणि जहाजाच्या वरच्या मोकळ्या जागेत कुणीतरी चंद्रकोरीसारखा बारीक पंच मारलेला. ऑफिसातल्या एका जुन्या संग्राहकाने ते पाहिलं आणि सल्ला दिला, "भंगार उचललंस. विकून टाक, पैसे साठव आणि एकच चांगलं घे." आता त्याला विचारायचंय: मी फसलो का? हे साफ केलं तर सुधारेल का? आणि दिवाळीला पुण्यात वडिलांना दाखवायला नेऊ का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. साफ करू नका. चांदीची भांडी उजळायची पावडर नको, टूथपेस्ट नको, चिंच-लिंबू तर नकोच. काही करायलाच हवं असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दोन दिवस ठेवा, मऊ कापडावर टिपून घ्या आणि हात आवरा. कारण पुढे येईलच.

आता मुख्य मुद्दा. नाणं चांगलं की वाईट हा तुमचा खरा प्रश्न नाही. तुमच्या नाण्यात तुम्ही चार दोष मोजलेत आणि चारही एकाच पारड्यात टाकलेत. छाप सरकली आणि आकडा कडेबाहेर गेला ते टाकसाळीत. झीज झाली ती बाजारात. पंच मारला तो सराफाने. यातलं कुणी नाणं बिघडवलं असं मी म्हणत नाही. ते नाण्याचं आयुष्य आहे. बिघाड म्हणतो तो मी नंतरच्या गोष्टींना: जमिनीतल्या क्षारांनी चांदी खाणं, आणि वर आल्यावर माणसांनी ब्रश, आम्ल आणि कोरणी घेऊन केलेले उद्योग. ट्रे समोर आला की प्रत्येक नाण्याला मी पहिला प्रश्न हाच करतो की ही खोट कुणाच्या हातची आणि कधीची. किमतीचा विचार त्यानंतर.

अर्थात तुम्ही कशासाठी जमवता यावर बरंच अवलंबून आहे. सम्राटांचे चेहरे जमवणाऱ्याला नाकावरचा ओरखडा खुपणारच, आणि खुपावा. पुढे विकून फायदा हवा असेल तर तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला चुकीचा नाही. तीक्ष्ण छापेची, जुन्या नामांकित संग्रहातून आलेली नाणी बाजार पडला तरी गिऱ्हाईक टिकवून असतात. पण तुम्ही लिहिलंय की शाळेत ज्युलियस सीझर आणि क्लिओपात्राच्या गोष्टी वाचल्या होत्या आणि त्या काळातलं काहीतरी हातात धरायचं होतं. त्या इच्छेसाठी तुम्ही निवडलेलं नाणं किती योग्य आहे हे तुम्हालाच बहुधा ठाऊक नाही.

ही नाणी इ.स.पू. ३२–३१ मधली. प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियनशी (पुढचा सम्राट ऑगस्टस) शेवटची लढाई तोंडावर आलेली, अँटनीचं सैन्य आणि आरमार ग्रीसच्या किनाऱ्यावर, बरोबर क्लिओपात्रा, आणि एवढ्या माणसांना पगार द्यायचा. सीझरपासून साध्या लीजनरी सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ देनारियस धरला जातो; वीसहून अधिक लीजन म्हटल्या तर किती नाणी लागली असतील याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून अँटनीने प्रत्येक लीजनच्या नावाने नाणी पाडली. एका बाजूला वल्ह्यांचं जहाज, वर 'अँट ऑग', म्हणजे अँटनी, ऑगर, शकुन पाहणारा पुरोहित. (हे 'ऑग' पाहून नवखे लोक ऑगस्टस समजतात. ऑक्टेव्हियनला ती पदवी मिळाली इ.स.पू. २७ मध्ये, तेव्हा अँटनी जिवंतही नव्हता.) दुसऱ्या बाजूला दोन निशाणांच्या मध्ये लीजनचा गरुड, आणि खाली 'लेग' व आकडा. साधे आकडे दोनपासून तेवीसपर्यंत मिळतात. २ सप्टेंबर इ.स.पू. ३१ ला अ‍ॅक्टियमची लढाई झाली आणि अँटनीचा खेळ संपला. पैसे मात्र फिरत राहिले.

घाईत पाडलेली ही नाणी आहेत हे विसरू नका. रोमन टाकसाळीत दर्शनी बाजूचा ठसा ऐरणीत बसवलेला असायचा, त्यावर चांदीची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा, आणि हातोडा. कडेला कडं नाही, चकती जागेवर धरणारा साचा नाही. चकती जराशी सरकली की छाप सरकली. वजनाचा हिशेबही घाऊक: एका पौंडात साधारण ८४ नाणी निघाली की काम झालं, एकेक तोलत कुणी बसत नसे. त्यामुळे अक्षरं बाहेर गेली तरी टाकसाळीच्या दृष्टीने नाणं पूर्ण होतं. तुमच्या नाण्यावरचा आकडा अर्धा गेलाय तो एका कामगाराच्या हाताने, एका दिवशी.

टाकसाळीच्या चुकांतली मला सगळ्यात आवडणारी म्हणजे ब्रॉकेज. पाडलेलं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहतं, कामगाराच्या लक्षात येत नाही, तो पुढची चकती ठेवून हाणतो. मग नव्या नाण्याच्या एका बाजूला चेहरा येतो आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा उलटा, खोलगट. टाकसाळीच्या नजरेत हे वाया गेलेलं नाणं. आज संग्राहक त्यासाठी साध्या नाण्यापेक्षा जास्त मोजतात. काठावरचे तडेही असेच. सम्राट सेप्टिमियस सेव्हरसच्या काळात चांदीचा कस पन्नास टक्क्यांच्या आसपास आला आणि नाणी वेगाने पडू लागली; त्यांच्या कडा फाटक्या, वेड्यावाकड्या असणं इतकं नेहमीचं आहे की गोल गरगरीत सेव्हरस दिसला की मी तो दोनदा पाहतो.

इथे एक कामाची गोष्ट सांगतो, कारण विक्रेतेसुद्धा यात घोळ करतात. छाप मुळात कमी उठणं आणि छाप झिजून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झीज झाली की उंच भाग आधी जातात: गाल, भुवई, केसांच्या बटा, जहाजाचा काठ. ते सपाट आणि नितळ होतात, खोलगट भागात मात्र तपशील टिकतो. छापच कमी उठली असेल तर एखादा पट्टा सगळाच फिका दिसतो, त्यात चकतीचा मूळ खरबरीत पोत शिल्लक असतो, आणि नाणं उलटलं की बरोबर त्याच्या मागेही फिकं असतं, कारण हातोड्याचा जोर तिथे पोचलेलाच नाही. तिसरी शक्यता ठसाच झिजलेला असण्याची: अक्षरं जाड, पसरलेली, पण पृष्ठभाग ताजा. या तिघांना एकच 'व्हेरी फाइन' की 'फाइन' अशी श्रेणी चिकटवली जाते. म्हणून मी श्रेणी वाचत नाही, तिरप्या उजेडात फोटो मागतो.

तुमच्या नाण्यावरची झीज मात्र खरी वापराची आहे, आणि ती इतकी का, याचं कारण फार सुंदर आहे. अँटनीने या नाण्यांत तांबं जास्त घातलं. रोमन लेखक थोरला प्लिनी तर लिहितो की अँटनीने देनारियसमध्ये लोखंड मिसळलं. लोखंडाची गोष्ट आजच्या तपासणीत टिकत नाही, पण नाणं हीणकस आहे ही ख्याती शंभर वर्षांनीही होती हे त्यातून कळतं. लोकांनी काय केलं? जे लोक नेहमी करतात ते. चांगलं नाणं घरात ठेवलं, हे बाजारात चालवलं. पुढे इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने देनारियसचं वजनही कमी केलं आणि कसही. तेव्हा जुन्या शुद्ध चांदीच्या नाण्यांना वितळवण्यात फायदा दिसू लागला. इ.स. १०७ च्या सुमारास ट्राजनने झिजलेली जुनी नाणी गोळा करून आटवली. प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या काळातली नाणी त्यानंतर चलनातून जवळजवळ गायब होतात, अँटनीची सोडून. ती आटवून फारसं काही हाती लागत नव्हतं, म्हणून वाचली. ब्रिटनमध्ये सापडलेल्या तिसऱ्या शतकातल्या साठ्यांतही ती असतात, पार गुळगुळीत होऊन. मार्कस ऑरेलियस आणि लुशियस व्हेरस या सम्राटांनी तर सहाव्या लीजनसाठी याच छापेची नवी आवृत्ती पाडली, अँटनीनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. लोकांच्या हातात मूळ नाणं अजून फिरत नसतं तर त्या नकलेला काय अर्थ होता?

तेव्हा झीज पाहून खट्टू होऊ नका. अ‍ॅक्टियमनंतर लगेच कुणीतरी पुरलेलं तीक्ष्ण लीजनरी देनारियस दिसायला देखणं असतं आणि मलाही आवडतं. पण त्याने बाजार पाहिलेला नाही. तुमच्याने पाहिलाय. घरी तोलून पाहा. नवं असताना ते साडेतीन ग्रॅमच्या वर असणार, आता तीनच्या आसपास भरलं तर नवल नाही. उरलेली चांदी पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांना, पिशव्यांना आणि गल्ल्यांना लागून गेली.

आता पंच. सहकाऱ्याने याच खुणेला 'डॅमेज' म्हटलं ना? प्रजासत्ताकाच्या आणि ऑगस्टसच्या काळातल्या देनारियसवर अशा चंद्रकोरी, ठिपके, अक्षरं, चाकासारख्या आकृती भरपूर दिसतात. त्यांना आपण सराफी खुणा म्हणू. खोटी नाणी भरपूर होती: आत तांबं, वर चांदीचा पत्रा, त्यावर ठसा. यांना फ्रेंच नावाने 'फुरे' म्हणतात. वरून ओळखू येत नाहीत, म्हणून सराफ बारीक पंच मारायचा, आत चांदीच आहे हे पाहायचा आणि नाणं पुढे ढकलायचा. तपासून मोहरबंद केलेल्या पिशव्यांना हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या चिठ्ठ्या बांधत, त्यावर तपासणाऱ्याचं नाव, तारीख आणि 'पाहिलं' असा शेरा. तशा चिठ्ठ्या आजही संग्रहालयांत आहेत. पोतदाराचं काम आपल्याकडे वेगळं नव्हतं, आणि मुघल किंवा मराठा काळातला रुपया हाताळलेला कुणीही माणूस त्यावरच्या सराफांच्या खुणा पाहून दचकत नाही.

खऱ्या-खोट्याची ही चिंता रोममध्ये किती टोकाला गेली होती त्याची एक गोष्ट आहे. इ.स.पू. ८५ मध्ये मारियस ग्राटिडियानस नावाच्या अधिकाऱ्याने चलनाची घडी बसवणारा हुकूम काढला. तो इतका लोकप्रिय झाला की गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभे राहिले आणि त्यांच्यापुढे धूप आणि मेणबत्त्या लावू लागले, असं त्या काळातला वक्ता सिसेरो सांगतो (थोडं जळून, हुकूम सगळ्यांनी मिळून ठरवला होता आणि श्रेय याने एकट्याने लाटलं अशी त्याची तक्रार). तीनच वर्षांनी सेनापती सुल्लाने केलेल्या विरोधकांच्या कत्तलीत त्याला हालहाल करून मारलं. तुमच्या नाण्यावरची चंद्रकोर बघताना मागे ही सगळी धास्ती आहे हे लक्षात असू द्या. ज्या सराफाने ती मारली त्याने तुमच्यासाठीही एक काम करून ठेवलंय: खुणेच्या तळाशी चांदीच दिसत असेल तर तुमचं नाणं बहुधा फुरे नाही.

नंतर मारलेली खूण किती बोलू शकते याचा दाखला तुमच्या जर्मनीतच आहे. ओस्नाब्रुकजवळ काल्क्रीझ इथे इ.स. ९ मधल्या रोमन सेनापती वारुसच्या पराभवाच्या खुणा सापडल्या. तिथल्या तांब्याच्या नाण्यांपैकी काहींवर वारुसच्या नावाची अक्षरं मारलेली आहेत. तो जर्मनीत होता इ.स. ७ ते ९. कुणीतरी सैनिकांना वाटण्यासाठी घाईघाईत मारलेला तो ओबडधोबड शिक्का तारीख ठरवायला किती उपयोगी पडला असेल पाहा. तिथे संग्रहालय आहे, सवड काढून जा. आणि आपल्याकडचं सांगायचं तर नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली, त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप हाणलेला. नहपानाचा चेहरा त्यात विद्रूप झाला. पण सातवाहनांनी क्षहरातांचं राज्य घेतलं याचा पुरावा शोधणाऱ्याने स्वच्छ चेहऱ्याचं नाणं उचलावं की विद्रूप?

इथपर्यंतचं आवरून घेतो. सरकलेली छाप, तडा, झीज, सराफी खूण: हे सगळं त्या काळातल्या माणसांनी केलेलं, आणि किंमत कमी करून घ्यायला उपयोगी. पण म्हणून प्रत्येक खराब नाण्यावर प्रेम करायचं नाही. 'याला इतिहास आहे' या एका वाक्याखाली बाजारात बराच कचरा विकला जातो, आणि भाबडे संग्राहक तो हौसेने घेतात.

खरा बिघाड ओळखायला शिका. पहिला म्हणजे चांदीचं ठिसूळ होणं. चांदीत मिसळलेलं तांबं शतकानुशतकं हळूहळू वेगळं होऊन कणांच्या सीमांवर जमतं, जमिनीतला ओलावा तिथून शिरतो, आणि आतली चांदी दाणेदार बनते. बाहेरून नाणं छान दिसतं, हातातून फरशीवर पडलं की खारी बिस्किटासारखं तुटतं. तुटलेल्या कडेत साखरेसारखे कण चमकतात. म्हणून रुपया फरशीवर वाजवून खणखणीत आहे का पाहायची आपली सवय इथे पूर्ण विसरा. जुनं अस्सल देनारियस बद्द वाजू शकतं, आणि ते वाजवण्याच्या नादात तुमच्या हातात दोन तुकडे येतील. वजनात अपेक्षेपेक्षा फार हलकं, पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि काठाला केसाएवढ्या आडव्यातिडव्या भेगा दिसल्या की मी नाणं मऊ कापडावरच हाताळतो आणि बहुतेक वेळा परत ठेवतो.

दुसरा बिघाड रासायनिक. क्लोराइड असलेल्या जमिनीत चांदीवर करड्या-तपकिरी, कधी जांभळट मेणासारखा थर चढतो, त्याला 'हॉर्न सिल्व्हर' म्हणतात. ते सिल्व्हर क्लोराइड असतं, म्हणजे ती नाण्याचीच चांदी आहे, वरून लागलेला मळ नव्हे. घासून काढाल तर त्याखालचा चेहराही त्याबरोबर येईल. थायोसल्फेटच्या द्रावणाने तो विरघळवता येतो, पण खाली काय निघेल हे आधी कळत नाही, म्हणून हे काम मी नव्या माणसाला सांगत नाही. काळसर झाक ही वेगळी गोष्ट: ती सल्फाइडची, पातळ आणि एकसारखी असते, आणि जुन्या लाकडी कपाटांतल्या ट्रेमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या नाण्यांवर निळी-सोनेरी छटा घेऊन येते. तशी छटा असलेलं नाणं लोक मुद्दाम जास्त पैसे देऊन घेतात. आम्लात बुडवून पांढरंफटक केलेलं देनारियस मात्र नजरेत भरण्याऐवजी डोळ्यांत खुपतं. तुमचं नाणं उगाच साफ करू नका म्हणालो ते यासाठी.

तिसरा आणि सगळ्यात वाईट: कोरणी. झिजलेल्या केसांत नव्या रेघा कोरणं, अक्षरांभोवतीची जागा तासून अक्षरं उठावदार करणं. दहापट भिंगाखाली पाहा. मूळ छापेत धातू ठशाच्या खोलात वाहत गेलेला असतो, त्याच्या कडा मऊ आणि प्रवाही दिसतात. कोरलेली रेघ धारदार, तिच्या तळाचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा. असं नाणं फुकट मिळालं तरी मी संग्रहात ठेवत नाही. सराफाच्या पंचाला मी आनंदाने जागा देतो आणि या कोरणीला देत नाही, ही विसंगती वाटेल. वाटू द्या. सराफ नाण्याची खातरजमा करत होता, हा माणूस माझ्याशी खोटं बोलतोय.

फुरे नाण्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. काठाला किंवा गालावर पत्रा फुटून तांब्याचा लालसर-हिरवा तुकडा दिसतो, वजन कमी. त्या काळातला खोटेपणा तो, आणि तो खोटेपणाही मला घेण्यासारखा वाटतो, फक्त खऱ्याच्या किमतीत नाही. प्लिनीने लिहून ठेवलंय की लोक खोट्या देनारियसचा नमुना अभ्यासासाठी घेत आणि एका खोट्यासाठी कित्येक खरी नाणी मोजत. तेव्हा या छंदाला जुनी परंपरा आहे.

अर्वाचीन बनावट मात्र निराळी, आणि झिजलेलं आहे म्हणजे अस्सलच असणार या समजुतीत राहू नका. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा जर्मन नकली ठसे कोरून नाणी पाडायचा, मग ती लोखंडाच्या किसाबरोबर एका पेटीत घालून गाडीच्या आसाशी बांधायचा आणि फेरफटका मारून यायचा. खड्ड्यांनी दोन हजार वर्षांचं काम काही तासांत केलं. त्यामुळे तपासताना मी काठापासून सुरुवात करतो: ओतीव नकलेची शिवण, कानशीच्या रेघा, दोन्ही बाजूंना सारख्याच बारीक पुटकुळ्या. मग वजन. मग तसंच्या तसं दुसरं नाणं, अगदी तोच काठ आणि तोच ओरखडा घेऊन, आणखी कुठे विकलं गेलंय का ते. खरी दोन देनारियस एकाच ठशातून आली असतील, पण दोघांच्या कडा आणि ओरखडे जुळत नाहीत.

आता तुमच्या सहकाऱ्याकडे वळतो, कारण तो पूर्ण चुकलेला नाही. खोट किती चालवून घ्यायची हे नाणं किती मुबलक आहे त्यावर ठरतं. अँटोनिनस पायसची, ट्राजनची देनारियस भरपूर मिळतात; तिथे खरबरीत, डागाळलेलं नाणं घेण्यात शहाणपण नाही, थोडं थांबलात तर त्याच पैशात बरं मिळेल. ओथोने इ.स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने राज्य केलं. त्याचं नाणं हवं तर झीज, पंच, तडा, सगळं पदरात घ्यायची तयारी ठेवा, नाहीतर खिसा रिकामा करा. आणि खोट कुठे पडली हेही पाहा. ओथोचं नाणं लोक त्याच्या केसांसाठी घेतात (तो टोप घालायचा, असं चरित्रकार सुएटोनियस सांगतो), तर मागच्या बाजूची झीज चालेल, केस गेलेले चालणार नाहीत. तुमच्या नाण्यात जहाज गुळगुळीत झालं तरी ओळखू येतं, गरुड आणि निशाणं शाबूत आहेत. हुकला तो आकडा. माझ्या दृष्टीने त्या किमतीला हा रास्त व्यवहार आहे. आकडा पूर्ण असता तर जरा जास्तच गेले असते. फसला नाहीत.

आकड्याचं मात्र अजून संपलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की 'एक्स' स्पष्ट आहे, त्यापुढे एक उभी काठी आणि मग नाणं संपतं. म्हणजे नुसता दहा नाही, वीस आणि त्यापुढचंही काही नाही, आणि एक्सनंतर 'व्ही' लागणारे पंधरा ते अठराही नाहीत. उरले अकरा ते चौदा आणि एकोणीस. सावध राहा, कारण या मालिकेत नऊ, एकोणीस यांसारखे आकडे दोन पद्धतींनी लिहिलेले सापडतात: एक्सच्या आधी एक काठी घालून, किंवा व्हीपुढे चार काठ्या मांडून. तेव्हा एकोणीस पहिल्या पद्धतीने लिहिलेला असेल तरच तो तुमच्या यादीत बसतो. आता उलट्या बाजूने जा. ठसा कोरणारा माणूस गरुडाच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना अक्षरं सांभाळून मांडायचा. आकडा लांब असेल तर पहिला एक्स दांड्याला चिकटून आणि अक्षरं दाटीने, आकडा छोटा असेल तर ऐसपैस. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर ही नाणी फोटोंसह खुली आहेत. क्रॉफर्ड ५४४ (रोमन प्रजासत्ताकाच्या नाण्यांच्या क्रॉफर्डच्या सूचीतला क्रमांक) असं शोधा. अकरा, बारा, तेरा अशी एकेक मालिका उघडून निशाणांच्या दांड्यांवरची चक्रं, एक्सचं अंतर आणि काठीचा कोन जुळवत बसा. तोच ठसा मिळाला तर आकडा मिळाला. एका शनिवारची चांगली करमणूक आहे, आणि तीक्ष्ण नाणं घेतलं असतं तर ती तुमच्या वाट्याला आली नसती.

ठेवायचं कसं: मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाही, त्यातून सुटणारा हिरवा चिकट थर चांदीला धरतो. मायलार या प्लास्टिकची पाकिटं किंवा घट्ट कॅप्सूल घ्या. ओक लाकडाच्या डबीत आणि लोकरीच्या कापडावर ठेवू नका, दोन्हींतून निघणारे वायू नाण्याला बाधू शकतात. विक्रेत्याची पावती आणि नाणं कुठून आलं याची चिठ्ठी नाण्याइतकीच जपून ठेवा.

आणि दिवाळीला पुण्याला नेण्याबद्दल माझं स्पष्ट मत: नेऊ नका, फोटो न्या. भारतात १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. तुम्ही आणलेलं नाणं परत नेताना विमानतळावर ते तुमचंच आहे हे समजावत बसायची पाळी येऊ शकते. युरोपीय संघातून पुरातन वस्तू बाहेर काढायचेही नियम आहेत. ते विक्रेत्याला विचारा, त्याला ठाऊक असले पाहिजेत. कायमचं वडिलांना द्यायचं ठरवलंत तर आधी दोन्हीकडच्या कस्टम्सला लेखी विचारून मगच.

मला आणखी दोन गोष्टी हव्यात: काठाचा सगळ्या बाजूंनी काढलेला फोटो, आणि ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंतचं वजन. पंचाच्या तळाशी चांदीच दिसते की लालसर काही, तेही भिंगातून पाहून कळवा. त्यानंतर आकड्याबद्दल मी माझा अंदाज सांगतो.